न निवडलेले तांदूळ

पालखी देवळात परतली, आरती झाली, प्रसाद घेऊन मंडळी सभामंडपात टेकली, की आमच्याकडे मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. पूर्वी हे बोलणे परीक्षेतील टक्क्यांपाशी सुरू होऊन नोकरीपाशी संपे. हल्ली त्यात एक नवी तक्रार शिरली आहे. कोणाचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असतो. महाविद्यालयाने त्याला बजावलेले असते, की एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात तुझे काम स्वीकारले गेल्याचा पुरावा आण, म्हणजे अमुक इतके गुण मिळतील. मुलगा काम पाठवितो, ते नाकारले जाते. दुसरे पाठवितो, त्याला उत्तरच येत नाही. मग त्याचे तीर्थरूप आम्हांला सांगतात, "परदेशी माणसे हो ती! आपल्या पोरांना कशाला पुढे येऊ देतील?" आणि भोवतालच्या चार माना डोलतात.

आमची मान डोलत नाही. या तक्रारीत मुलाचे दुःख खरे आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिचा रोख चुकीच्या दाराकडे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलांचे काम परत येते याचा मोठा दोष सातासमुद्रापलीकडच्या माणसांकडे नाही. तो ते काम न तपासता पाठवावयास लावणाऱ्या आमच्या शिक्षणसंस्थांकडे आहे, आणि काही अंशी तुमच्या-आमच्याकडेही आहे. स्वीकृतीवर गुण देण्याची ही प्रथाच स्वीकृतीच्या आड येते, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

ज्या वाचकांचा या व्यवहाराशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ओपन सोर्स म्हणजे असे सॉफ्टवेअर, की ज्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा आणि इतरांस द्यावा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनुस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून लिहीत असलेल्या कार्यप्रणालीची वार्ता जगाला दिली. तीच पुढे लिनक्स झाली, आणि आज तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या बुडाशी तीच आहे. म्हणजे या क्षेत्राचा एक मोठा वटवृक्षच मुळी विद्यार्थ्याच्या हातून लागलेला आहे. तेव्हा विद्यार्थी म्हणून कोणाला तेथे मज्जाव आहे, हे म्हणणे पहिल्या पायरीवरच गळून पडते.

अशा प्रत्येक प्रकल्पाला काही सांभाळणारी माणसे असतात. त्यांच्या बोलीत त्यांना मेन्टेनर म्हणतात. आमच्या वाचकांना राखणदार हा शब्द अधिक जवळचा वाटेल. बाहेरून आलेला प्रत्येक बदल ही माणसे वाचतात, चालवून पाहतात, त्याने जुने काही मोडत तर नाही ना याची खात्री करतात, आणि मग तो आत घेतात किंवा परत करतात. यांतील कित्येकांना या कामाचा पगार मिळत नाही. दिवसाची नोकरी आणि घरचे व्याप आटोपून रात्री उरलेल्या वेळात ते हे करतात.

येथे आमच्या देवस्थानांतील एक साधी गोष्ट आठवावी. समाराधनेसाठी कोणी भक्त तांदळाचे पोते आणून देतो. पोते कोठारात पडले, नाव वहीत लागले, देणाऱ्याचे समाधान झाले. पण ते तांदूळ निवडलेले नसतील तर? मग चार बायाबापड्यांना दुपारभर सुपे घेऊन बसावे लागते. एक खडा नजरेतून सुटला तर दोष देणाऱ्याला कोणी देत नाही. पंगतीत बोल लागतो तो आचाऱ्याला. देणे एका क्षणाचे असते, आणि घेणाऱ्याचे श्रम त्यापुढे सुरू होतात. सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट शतपट खरी आहे, कारण तेथे आत घेतलेला बदल एका जेवणाने संपत नाही. तो लिहिणारा विद्यार्थी परीक्षा होताच निघून जातो. त्याच्या ओळी मात्र पुढे दहा वर्षे राखणदाराने निस्तरावयाच्या असतात.

आता आमच्याकडून कसले तांदूळ गेले, ते पाहू. डिजिटलओशन नावाची एक कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात एक उपक्रम चालविते. २०२० साली त्याचा नियम असा होता, की महिनाभरात चार बदल सुचवावेत आणि एक सदरा बक्षीस मिळवावा. हेतू चांगला होता. परंतु बदल कसा पाठवावा हे दाखविणारी एक चित्रफीत भारतात फार पाहिली गेली, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कोणी माहितीच्या फाइलीत प्रकल्पाच्या नावापुढे स्तुतीचे एक विशेषण जोडले, कोणी एखादी मोकळी ओळ घातली. राखणदार इतके कातावले की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः होऊन संमती देतील तेवढेच धरावे लागले. २०२४ साली एक्सप्रेस या नावाजलेल्या प्रकल्पावर तोच प्रसंग आला. एका शिकवणीत उदाहरणादाखल त्या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत नाव लिहून दाखविले गेले होते. शिकणाऱ्यांनी उदाहरणालाच गृहपाठ मानले, आणि आपापली नावे लिहून असे बदल ओळीने पाठवून दिले.

हे सॉफ्टवेअरपुरतेच नाही. विकिपीडियाचा विश्वकोशही याच तत्त्वावर चालतो. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून त्यात लेख लिहवून घेण्याची एक योजना सुरू झाली. विद्यार्थ्यांनी पुस्तकांतील उतारेच्या उतारे उचलून घातले. ते शोधून काढता काढता तेथील स्वयंसेवक थकून गेले, आणि ती योजना त्याच वर्षी गुंडाळावी लागली. त्या मुलांना चोरी करावयाची होती, असे आम्ही म्हणणार नाही. आपण कोठे लिहीत आहोत, कोण वाचणार आहे आणि चूक झाल्यास कोण भोगणार आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगावयाचे ते त्यांच्या शिक्षकांनी. ते शिक्षक स्वतः तेथे कधी चार ओळी लिहून आले होते का, हा प्रश्न विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

यावर कोणी म्हणेल, की काही उडाणटप्पू मुलांमुळे साऱ्यांना दोष का? प्रामाणिक मुलांचेही काम परत येतेच ना? आणि मग परदेशी लोकांच्या दुजाभावाचा तोच जुना मुद्दा पुढे येतो. या मुद्द्याला आम्ही एकच उत्तर देऊ, आणि ते शेजारच्या श्रीलंकेतून देऊ. गूगल कंपनी २००५ पासून उन्हाळी योजना चालविते. तीत निवडलेला नवशिका एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात, एका अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली, विद्यावेतन घेऊन काम करतो. या योजनेच्या पहिल्या दशकात सर्वांत अधिक विद्यार्थी अमेरिकेच्या किंवा युरोपच्या कोणत्या विद्यापीठाने दिले नाहीत. ते दिले श्रीलंकेतील मोराटुवा विद्यापीठाने. त्याच देशातील स्वयंसेवकांनी २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर सहाना नावाचे आपत्तिनिवारणाचे सॉफ्टवेअर उभे केले आणि ते जगाला खुले करून दिले. देश पाहून दार लावले जात असते, तर कोलंबोजवळच्या मुलांना ते उघडले नसते. भारतातील विद्यार्थीही या योजनेत दरवर्षी मोठ्या संख्येने निवडले जातात. तेव्हा परदेशी दुजाभावाची ढाल आता खाली ठेवावी, हे बरे. नाचता येईना, अंगण वाकडे, एवढाच तिचा अर्थ उरला आहे.

राखणदार कठोर का होतात, हे समजावयास दोन घटना पुरेत. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पात २०११ च्या अखेरीस जर्मनीतील एका संशोधक विद्यार्थ्याने एक सोय जोडली. दोन यंत्रांपैकी एकाने काही अक्षरे पाठवून त्यांची संख्या सांगावयाची, आणि दुसऱ्याने तितकीच परत करावयाची. सांगितलेली संख्या खरी आहे की नाही, हे पाहणे मात्र राहून गेले. विद्यार्थी प्रामाणिक होता, हुशारही होता. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटले. आणि त्या प्रकल्पात त्या काळी पूर्ण वेळ राबणारा मनुष्य जेमतेम एक होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये ही चूक उघडकीस आली तेव्हा कळले, की खोटी संख्या सांगून कोणीही समोरच्या यंत्राच्या स्मृतीतील एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर काढून घेऊ शकत होता. त्यात परवलीचे शब्द आणि गुप्त किल्ल्याही आल्या. सारे जग हादरले. एक खडा पंगतीपर्यंत पोचतो तो असा.

दुसरी घटना २०२४ च्या मार्चमधील. एक्सझेड या लहानशा प्रकल्पात एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त कामे केली, एकट्या आणि थकलेल्या राखणदाराचा विश्वास मिळविला, आणि मग चोरदार बसविले. आपल्या यंत्रात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून एका अभियंत्याला संशय आला, आणि अनर्थ टळला. ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांनी अनोळखी मुलाच्या कामाकडे चार वेळा निरखून पाहिले तर त्यात अपमान कसला?

आणि विश्वास एकदा गेला, की तो एकट्याचा जात नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी, राखणदार फसतात का हे अजमावण्यासाठी, लिनक्सकडे मुद्दाम सदोष बदल पाठविले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच गटातील एका विद्यार्थ्याकडून पुन्हा संशयास्पद बदल आले, तेव्हा त्या साऱ्या विद्यापीठाचेच काम घेणे बंद झाले, आणि पूर्वी घेतलेले सुमारे १९० बदल फेरतपासणीस काढले गेले. त्यांतील बहुतेक निर्दोष ठरले. पण दोन-चार जणांच्या कृत्याचा डाग काही काळ तरी त्या पत्त्यावरून लिहिणाऱ्या प्रत्येकावर बसला. आमच्या महाविद्यालयांनी हे ध्यानी घ्यावे. साठ मुलांचा वर्ग एकाच आठवड्यात एकाच प्रकल्पावर सोडला, तर त्यांच्यातील एकसष्टावा, म्हणजे पुढल्या वर्षीचा खरा कष्टाळू विद्यार्थी, दार ठोठावण्यापूर्वीच परत पाठविला जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. महाविद्यालय म्हणते, काम स्वीकारले गेले तर गुण देऊ. ऐकावयास हे किती निःपक्षपाती वाटते! पण याचा अर्थ काय? अर्थ एवढाच, की विद्यार्थ्याचे काम वाचण्याचे आणि त्याचा कस लावण्याचे जे कर्तव्य प्राध्यापकाचे, ज्याचे वेतन प्राध्यापकाला मिळते, ते एका परक्या, बिनपगारी माणसाच्या गळ्यात घातले गेले. याला आमच्या भाषेत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. बरे, यातून विद्यार्थ्याचे तरी हित होते का? गुणांची तारीख ठरलेली असते. राखणदाराला त्या तारखेचे सोयरसुतक नसते. मग मुलगा रोज विचारणा करतो, विनवतो, 'माझ्या गुणांचा प्रश्न आहे' असे लिहितो. जेथे युक्तिवाद व्हावयाचा तेथे याचना होते. शिवाय मोठे आणि अवघड काम स्वीकारले जाण्यास महिने लागतात, तर शुद्धलेखनाची एक दुरुस्ती तासाभरात आत जाते. म्हणून हुशार मुलगाही अवघड काम टाकून क्षुल्लक काम धरतो. गुणांची ही तागडी खऱ्या कामाला हलके आणि खोट्याला जड दाखविते.

अलीकडे या दुखण्यात आणखी भर पडली आहे. प्रश्न टाकताच संगणकच प्रोग्राम लिहून देतो, आणि विद्यार्थी तो न वाचता पुढे धाडतो. राखणदाराने शंका विचारली, तर तीही यंत्रापुढे टाकून आलेले उत्तर चिकटवितो. म्हणजे एका बाजूला मनुष्य आहे, आणि दुसऱ्या बाजूला कोणीच नाही. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४ साली अशा यंत्रलिखित कामाला दार बंद केले, हे सर्वांनाच रुचेल असे नाही. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. पण आपण पाठविलेल्या ओळींचा अर्थ ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, त्याने त्या पाठवू नयेत, एवढा नियम पाळावयास कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

न्यायाची बाजू म्हणून हेही सांगितले पाहिजे, की सारे राखणदार संत नाहीत. काही ठिकाणी उत्तरे तुसडी असतात. काही प्रकल्पांत नवख्याने काय करावे, याची एक ओळही लिहून ठेवलेली नसते. कित्येकदा चांगले कामही वर्षभर धूळ खात पडते. ज्यांना नवी माणसे हवी आहेत, त्यांनी पायरीवर दिवा लावला पाहिजे, हे आम्ही त्यांनाही निःसंकोच सांगू. चांगल्या प्रकल्पांत तो लावलेला असतो: नवशिक्याला जमतील अशी कामे खूण करून वेगळी ठेवलेली असतात, नियम लिहिलेले असतात. पण तो दिवा न पाहता अंधारात धडपडणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना धक्का देऊन आत लोटणारे आमचेच आहेत.

मग करावे काय? पहिली गोष्ट अशी, की विद्यार्थ्याचा कोणताही बदल बाहेर जाण्यापूर्वी त्याच्या शिक्षकाने, किंवा निदान वरच्या वर्गातील जाणत्या विद्यार्थ्याने, तो ओळ न् ओळ वाचलेला असावा. तांदूळ घरीच निवडून न्यावेत. ज्या शिक्षकाने स्वतः असा एकही बदल कधी पाठविलेला नाही, त्याने हा विषय शिकविण्यापूर्वी एक पाठवून पाहावा. चार वेळा परत येईल तेव्हा त्याला आपल्या विद्यार्थ्यांची कीव येईल.

दुसरी गोष्ट, गुण स्वीकृतीला देऊ नयेत. कामाच्या इतिहासाला द्यावेत. विद्यार्थ्याने प्रकल्पाचे नियम वाचले का? जो दोष दूर करावयाचा, तो आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहिला का? एका बदलात एकच गोष्ट केली का? बदल कसा केला हे तर दिसतेच, पण का केला हे नीट लिहिले का? आक्षेप आल्यावर रुसून न बसता दुसरी आणि तिसरी आवृत्ती पाठविली का? लिनक्समध्ये मुरलेल्यांचीही कामे तीन-तीन, पाच-पाच आवृत्त्यांनंतर आत जातात, आणि तेथे त्याची कोणाला लाज वाटत नाही. हे सारे करूनही काम नाकारले गेले, तर त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. आणि यातले काही न करता नशिबाने स्वीकारले गेले, तर एकही मिळू नये.

तिसरी गोष्ट चिकाटीची. आचाऱ्याच्या हाताखाली आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी झारा देत नाही. तो पाने मांडतो, मीठ वाढतो, भाजी चिरतो, आणि कोणत्या वेळी काय लागते हे पाहून ठेवतो. ओपन सोर्समध्येही हीच रीत आहे. दहा प्रकल्पांना एकेक बदल देण्यापेक्षा एका प्रकल्पात दोन वर्षे राहावे. आधी इतरांच्या तक्रारी वाचाव्यात, सापडलेले दोष नीट नोंदवावेत, माहितीपत्रके सुधारावीत, मग प्रोग्रामला हात घालावा. नाव ओळखीचे झाले, की उत्तर लवकर येते, कारण तो आता परका राहत नाही.

आणि आमच्या मुलांना परक्या अंगणातच जावे लागते, असेही नाही. मराठीतील 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील आडवा रफार हिंदीत नाही. तो नीट उमटतो की नाही, हे ओसाकाच्या किंवा ओस्लोच्या राखणदाराने कसे ओळखावे? ते आमच्या मुलाला एका दृष्टिक्षेपात कळते. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पण आमच्या घराघरांतील मोडी कागद वाचावयास, टंकावयास आणि शोधावयास लागणारी साधने करावयास माणसे हवी आहेत. कोंकणी तर देवनागरी, रोमी, कन्नड आणि मल्याळम अशा अनेक लिप्यांत लिहिली जाते. तिच्या शब्दकोशाचे, शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामचे आणि छापील पाने वाचणाऱ्या यंत्राचे काम सहज संपणारे नाही. अशा ठिकाणी आमचा विद्यार्थी याचक म्हणून जात नाही. जाणकार म्हणून जातो. त्याच्याजवळ असे ज्ञान असते, जे राखणदाराजवळ नाही, आणि ते राखणदारालाही ठाऊक असते. बेळगावातील असो, बडोद्यातील असो की फोंड्यातील, ज्याच्या घरी ही भाषा बोलली जाते त्याने हे काम करावयाचे नाही, तर कोणी?

शेवटी एक शब्द आमच्याच समाजांच्या आणि देवस्थानांच्या समित्यांना. दरवर्षी आपण गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो. त्यांच्या अर्जांत 'प्रमाणपत्रे किती' हा रकाना असतो, आणि ज्याची यादी लांब त्याच्या गळ्यात हार पडतो. आपणही मोजतो ती पोती. तांदूळ उघडून पाहत नाही. मग महाविद्यालयांना तेवढे नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? यंदापासून तो रकाना काढावा, आणि त्या जागी एवढेच विचारावे: आपण केलेल्या एका कामाविषयी लिहा, ते कोणी तपासले, त्यात काय चुकले, आणि ते आपण कसे सुधारले. ज्या मुलाला यावर पानभर लिहिता येईल, त्याच्यासाठी आम्ही आनंदाने टाळ्या वाजवू, मग त्याचे काम स्वीकारले गेलेले असो वा नसो.